हळदीकुंकवात आलेली ‘ज्वेलरी बिझनेस’ची ऑफर कशी तपासायची

नाशिकच्या मेनरोड आणि रविवार कारंजा भागातल्या काही छोट्या दुकानांच्या हिशेबाच्या वह्या मी लिहिते. त्यात दोन बेन्टेक्सवाले, म्हणजे नकली दागिने विकणारे आहेत. त्यामुळे संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत कोणता दागिना कितीला येतो आणि कितीला जातो, हे मला बसल्या जागी कळतं. मागे एका संक्रांतीला इंदिरानगरमध्ये चुलत नणंदेकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिळगूळ झाला, वाण झालं आणि मग टीपॉयवर एक मखमली डबा उघडला. आत ठुशी, कानातले, दोन बांगड्या. बाकीच्या बायका ठुशीकडे बघत होत्या. माझं लक्ष डब्याखालच्या कागदाकडे गेलं. त्यावर गोल काढले होते. वर एक, खाली दोन, त्याखाली चार.

“वहिनी, तुम्हाला तर दागिन्यांतलं कळतं. तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त दोन बायका आणायच्या,” नणंद म्हणाली.

पॅकेज पंधरा हजारांचं होतं. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला, “बघून सांगते” म्हटलं आणि पुढचे चार दिवस तो खरंच बघितला. तेव्हापासून असे कागद घेऊन माझ्याकडे बरीच माणसं आली. सिडकोतली एक शिक्षिका आली, अंबडच्या कंपनीतला एक सुपरवायझर आला, पिंपळगावहून द्राक्षाचे पैसे हातात आलेलं एक जोडपं आलं. प्रत्येक वेळी मी ज्या क्रमाने तपासते, तो क्रम इथे लिहिते आहे. सगळं तपासायला दोन-तीन दिवस आणि फार तर शे-दोनशे रुपये लागतात.

आधी दागिना आणि जागा वेगळी करा

अशा पॅकेजमध्ये तुम्ही दोन वस्तू विकत घेता. एक दागिना आणि दुसरी साखळीतली जागा. बिल मात्र एकच असतं आणि त्यावर फक्त दागिन्याचं नाव असतं. सगळी गंमत इथे आहे. कुणी विचारलं की “आम्ही वस्तू विकतो, पैसे फिरवत नाही” असं सांगता येतं, आणि घेणाऱ्यालाही वाटतं की काही झालं तरी दागिना तर हातात आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्या दागिन्याची बाजारातली किंमत काढणं. पॅकेजच्या रकमेतून ती वजा केली की जे उरतं, ते तुम्ही जागेसाठी मोजता आहात. नणंदेच्या डब्याचं उदाहरण घेऊ. तसाच सेट, तशाच पॉलिशचा, समजा मेनरोडला १,८०० रुपयांना मिळतो. पॅकेज १५,००० चं. म्हणजे १३,२०० रुपये जागेचे. ही रक्कम कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पुढचा प्रत्येक प्रश्न तिच्याबद्दल विचारा. ठुशीची घडण सुंदर आहे की नाही, हा मुद्दा इथे संपला.

सराफ बाजारात एक फेरी

किंमत कशी काढायची? दागिना किंवा त्याचा नमुना घेऊन सरळ सराफ बाजारात जा. नमुना द्यायला समोरचा तयार नसेल, “आधी जॉइन व्हा, मग माल” असं म्हणत असेल, तर फेरीचाही त्रास वाचला. पॅकेट न उघडता पैसे द्यायला ते काही प्रसादाचं पुडकं नाही.

दागिना सोन्याचा म्हणून विकत असतील तर तीन खुणा बघा: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६, १८ कॅरेटला १८के७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. भिंग नसेल तर दुकानदार देतो. एचयूआयडी वाचून मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. शुद्धता, हॉलमार्क केंद्र आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हा शेवटचा तपशील लोक बघत नाहीत. ॲपमध्ये अंगठी दिसत असेल आणि हातात पेंडंट असेल, तर तो नंबर कुठून तरी उचललेला आहे.

एक पळवाट लक्षात ठेवा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. साखळीवाल्यांच्या ‘गोल्ड पॅकेज’मध्ये इवलंसं पेंडंट का असतं, याचा अंदाज यावरून करता येतो. अशी चिमुकली वस्तू असेल तर सराफाकडे मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्या.

मग भाव. सूत्र सोपं आहे: निव्वळ सोन्याचं वजन गुणिले त्या दिवसाचा त्याच कॅरेटचा भाव, अधिक मजुरी, आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू (खरा भाव त्या दिवशीच्या पेपरात बघा). चार ग्रॅमचे ४०,०००. मजुरी १२ टक्के म्हणजे ४,८००. झाले ४४,८००. जीएसटी १,३४४. एकूण ४६,१४४. पॅकेज ६५,००० चं असेल तर १८,८५६ रुपये जागेचे. निव्वळ वजन हा शब्द मी मुद्दाम वापरला. खडे, लाख, मणी धरून काट्यावर सहा ग्रॅम आणि सोनं चार ग्रॅम, असा प्रकार साध्या दुकानातही होतो. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं नसेल तर ते बिल नव्हे.

शेवटी काउंटरवरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: “हा मोडायला आणला तर किती द्याल?” मिळालेला आकडा त्याच कागदावर लिहा. माझ्या ओळखीचे एक वयस्क सराफ अशा वेळी काही बोलत नाहीत. दागिना हातात घेतात, उलटा करतात आणि हळूच परत डब्यात ठेवतात. तेही उत्तरच असतं.

बेन्टेक्स किंवा ‘वन ग्रॅम’ असेल तर मोडीचा प्रश्नच नाही. त्याला मोड नसते. ‘वन ग्रॅम’ या नावात एक ग्रॅम सोनं असेलच, असंही नाही. आत पितळ-तांबं आणि वर सोन्याचा पातळ मुलामा. तो मुलामा किती मायक्रॉनचा, पॉलिशची गॅरंटी किती महिन्यांची आणि ती लेखी कोण देतं, हे विचारा. मेनरोडचा दुकानदार काळी पडलेली बांगडी बदलून देतो, कारण त्याला उद्या परत त्याच ग्राहकाचं तोंड बघायचं असतं. हा माल मुंबईतल्या भुलेश्वरच्या ठोक बाजारात आणि राजकोटहून भरपूर येतो. त्यामुळे “आमचं डिझाइन कुठेच मिळत नाही” हे वाक्य ऐकलं की फोटो काढा आणि दोन दुकानांत दाखवा.

खड्यांची गोष्ट अजून नाजूक आहे. अमेरिकन डायमंड म्हणजे बहुतेकदा झिरकोनिया. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, प्रयोगशाळेत तयार केलेलं. ते चमकतं, कठीण असतं आणि उष्णतेवर चालणाऱ्या साध्या डायमंड टेस्टरवर हिऱ्यासारखंच दिसतं. म्हणजे सेमिनारमध्ये कुणी टेस्टर लावून “बघा, दिवा लागला” म्हटलं तरी त्यावरून हिरा सिद्ध होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या ‘टोरेस’ ब्रँडच्या दालनासमोर पैसे अडकलेल्या लोकांची गर्दी जमली, ती योजना याच खड्यांभोवती उभी होती: मॉइसनाइट घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, नवा माणूस आणला तर वर बोनस. तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. भर रस्त्यावर झगमगणारं दालन होतं, पावत्या मिळत होत्या, खडे हातात होते. एवढं सगळं असूनही तो खडा विकायला गेलं तर किती मिळतील, हा प्रश्न पैसे भरताना फार कमी लोकांनी विचारला असावा.

गोल काढलेला कागद

आता प्लॅन. तो लेखी मागा. व्हॉट्सॲपवरचा रंगीत फोटो नको, कंपनीच्या नावाचा, तारीख असलेला कागद हवा. त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली: पैसा कशावर मिळतो? दागिना विकला गेला की मिळतो, की माणूस जोडला गेला की? बायनरी प्लॅनमध्ये डावा पाय, उजवा पाय, ‘पेअर मॅचिंग’ असे शब्द असतात. तुमच्या खाली दोन्ही बाजूंनी पॅकेजं गेली की जोडीमागे अमुक रुपये. समोरचा म्हणेल की हे विक्रीवरचंच कमिशन आहे, कारण प्रत्येक जोडणी म्हणजे एका पॅकेजची विक्री. त्याला विचारा: “सभासद न होता कुणी हीच ठुशी घेतली तर मला किती मिळतील?” उत्तर शून्य असेल, किंवा “असं कुणी घेत नाही” असं असेल, तर कमिशन कशाचं आहे ते कळलं.

दुसरी: पैसा मिळत राहायला मला दर महिन्याला काही घ्यावं लागतं का? ‘ॲक्टिव्ह’ राहण्यासाठी महिना तीन हजारांची खरेदी, रँक टिकवायला तिमाहीला पंचवीस हजारांची, असे प्रकार असतात. इथेच कपाटं भरतात. सिडकोतल्या त्या शिक्षिकेकडे चाळीस नेकलेस होते. शाळेतल्या प्रत्येक सहकारणीकडे एकेक झाला होता आणि पुढे घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

तिसरी गोष्ट कागदावर नसते, ती आपण लिहायची. माणसं किती लागतील? एकाने सहा जोडायचे असा प्लॅन घ्या. पहिल्या पातळीवर ६, मग ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६. आठव्या पातळीवर १६,७९,६१६. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती, रांगणारी बाळं धरून. नवव्या पातळीवर एक कोटी ओलांडतं आणि अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत सुमारे ६१ लाख. शहर तेव्हापासून वाढलं हे खरं, पण सहाने गुणाकार होईल इतकं वाढलेलं नाही. शिवाय तुम्ही पहिल्या पातळीवर नाही. तुमच्या वर किती पातळ्या आहेत, हे विचारा. आकडा कुणी सांगत नाही, पण सांगणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गोदेला पूर आला की नाशिककर विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, त्यावर सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायचा का ते ठरवतात. साखळीच्या धंद्यात तसा मारुती म्हणजे बाहेरचा ग्राहक. गेल्या महिन्यात जेवढा माल गेला, त्यातला किती सभासद नसलेल्या, सभासद व्हायची इच्छाही नसलेल्या माणसांनी घेतला? अपलाइनकडे, म्हणजे तुम्हाला जोडणाऱ्या बाईकडे, तिच्या स्वतःच्या विक्रीची अशी पाच बिलं मागा. खरी विक्री करणारी बाई पाच काय, पन्नास दाखवील.

कायद्याचा इथे थेट संबंध आहे. प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट हा १९७८ चा केंद्रीय कायदा आहे. सभासद नोंदणीवर अवलंबून असलेला झटपट पैसा देणारी योजना त्यात बंदीखाली येते. नुसती चालवणाराच नव्हे, तर अशा योजनेत सभासद होणारा, भाग घेणाराही कायद्याच्या कक्षेत येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची असू शकते. तुम्ही मैत्रिणीला जोडता त्या क्षणी तुम्ही फक्त फसलेली बाई राहत नाही, हे लक्षात घ्या. दुसरीकडे, थेट विक्री हा धंदा म्हणून बेकायदा नाही. त्यासाठी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले. ते पिरॅमिड योजना आणि मनी सर्क्युलेशन या दोन्हींना साफ मनाई करतात. कंपनीचं भारतात नोंदणीकृत कार्यालय हवं, विक्रेत्याशी लेखी करार हवा, त्याला ओळखपत्र हवं, तक्रार निवारण अधिकारी हवा, आणि करार रद्द करायला विचाराचा अवधी, म्हणजे ‘कूलिंग-ऑफ’, हवा. नुसतं जोडण्याचं शुल्क घेणं हे या चौकटीत बसत नाही. म्हणूनच ते शुल्क ठुशीच्या रूपात येतं.

कंपनीची कुंडली

हा भाग घरी बसून अर्ध्या तासात होतो. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की स्थापनेची तारीख, भरणा भांडवल, शेवटचा ताळेबंद कधी दाखल झाला आणि कंपनी सुरू आहे की नोंदणीतून काढली आहे, हे फुकट दिसतं. शंभर रुपये भरले तर दाखल केलेली कागदपत्रंही बघता येतात. “पंधरा वर्षांचा अनुभव” सांगणाऱ्या कंपनीची स्थापना गेल्या दिवाळीची असेल, किंवा “पाचशे कोटींची उलाढाल” आणि भरणा भांडवल एक लाख असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा. बिलावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव एक आहे का? पैसे कंपनीच्या खात्यात जातात की अपलाइनच्या मोबाइल नंबरवर?

रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र फ्रेम करून दाखवतात, त्याने भुलू नका. कंपनी नोंदवली म्हणजे योजना सरकारने तपासली असं होत नाही. नाशिकला हे वेगळं सांगायला नको. २०१४ ला केबीसी, पुढे मैत्रेय, अशा गुंतवणूक योजनांत इथल्या लोकांचे पैसे अडकले, आणि दोन्ही वेळी लोकांकडे छापील कागदांची कमी नव्हती.

महिन्याचा खरा हिशेब

समजा आतापर्यंतच्या चाळणीतून ऑफर पार पडली. माल बरा आहे, किंमत बाजाराच्या आसपास आहे, कमिशन विक्रीवर आहे. अशा कंपन्या नसतातच असं मी म्हणणार नाही. मग प्रश्न उरतो धंद्याचा, आणि तो मला जास्त आवडतो, कारण तो वहीवर सुटतो.

तुम्हाला २५ टक्के सूट मिळते आणि महिन्याला छापील किमतीचा २०,००० चा माल विकता, असं धरू. हातात ५,००० यायला हवेत. पण आपल्याकडे बाई दागिना घेताना घासाघीस करते, ओळखीची असेल तर जास्तच. दहा टक्के तिथे सोडावे लागतात: २,००० गेले. उरले ३,०००. इंदिरानगरहून नाशिकरोड, गंगापूर रोड, कधी देवळाली कॅम्प, असं फिरण्याचं पेट्रोल ८०० धरा. डब्या, पिशव्या, नमुन्याच्या तुटलेल्या कड्या मिळून ३००. उरले १,९००. महिनाअखेरीला टार्गेट भरायला उचललेला आणि न विकलेला माल १,५०० चा. उरले ४००. त्यासाठी फोन, फोटो, फेऱ्या, हळदीकुंकवांना हजेरी धरून चाळीस तास गेले असतील तर तासाला दहा रुपये.

हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. येऊ देत. पण स्वतःचे लिहा. लिहिताना तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. उधारी ही पहिली. भिशीतल्या बायका “पुढच्या महिन्यात देते” म्हणतात आणि आपण मागू शकत नाही, कारण भिशीही चालवायची असते. दुसरी म्हणजे हंगाम. संक्रांत, लग्नसराई, गौरी-गणपती आणि दिवाळी सोडली तर नकली दागिन्यांचं दुकानही सुस्त असतं. पितृपक्षात माझ्या बेन्टेक्सवाल्यांच्या वहीत पानंच्या पानं कोरी असतात. चांगल्या महिन्याला बाराने गुणून वर्षाची कमाई काढू नका. तिसरी म्हणजे कर. कमिशनची रक्कम मर्यादेपलीकडे गेली की कंपनीने टीडीएस कापायला हवा आणि तो तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या उताऱ्यात, दिसायला हवा. अपलाइन महिन्याला लाखभर कमावते म्हणत असेल, तर तिचा २६एएस किंवा विवरणपत्र मागा. बँकेत जमा झालेल्या रकमेचा स्क्रीनशॉट चालणार नाही. तो कसाही तयार होतो, आणि खरा असला तरी त्यात खर्च दिसत नाही.

माझी सूचना अशी: पॅकेज घेण्याआधी महिनाभर चाचणी करा. मेनरोडवरून किंवा मुंबईच्या ठोक बाजारातून तीन-चार हजारांचा तसाच माल आणा आणि अनोळखी लोकांना विकून बघा. सोसायटीत, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत, इन्स्टाग्रामवर, कुठेही. बहीण, जाऊ, नणंद यांना विकलेला माल मोजायचा नाही. महिनाअखेर पैसे उरले तर तुम्हाला विक्री जमते, आणि मग साखळीची गरज काय, हा प्रश्न तुम्हीच विचाराल. पिंपळगावच्या त्या जोडप्याने हेच केलं. बाईंना विक्री जमली. आज त्या यात्रा-जत्रांमध्ये स्वतःचा स्टॉल लावतात, अपलाइन वगैरे काही नाही. नवऱ्याला जमली नाही. तो द्राक्षात परत गेला आणि सुखात आहे.

सेमिनारला जायचं असेल तर

जा, हरकत नाही. चहा बरा असतो. पण कार्ड, चेकबुक आणि यूपीआयचा पिन लक्षात असलेलं माणूस घरी ठेवून जा. तिथे टाळ्या वाजवणारे बहुतेक आधीचे सभासद असतात. “आजच जॉइन केलं तर” हे शब्द आले की घड्याळ बघा आणि घरी चला. खरा धंदा शुक्रवारी होता तसा सोमवारीही असतो. मोटारीच्या किल्ल्या देतानाचे फोटो दाखवतील. मोटार कर्जावर आहे का, हप्ता कोण भरतं, हे विचारा. प्रश्न विचारल्यावर “ताई, निगेटिव्ह विचार करू नका” असं उत्तर आलं तर तो प्रश्न बरोबर होता.

नातेवाइकांना ‘नाही’ म्हणताना

खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड भाग हा आहे. आकडे सोपे असतात. नणंदेचा फोन दर दोन दिवसांनी यायचा, आणि तिचा आवाज असा की जणू मी तिच्या मुलीच्या लग्नाला नाही म्हणते आहे. ती लबाड नव्हती. तिने स्वतःचे पंधरा हजार भरले होते आणि ते परत मिळवायला तिला दोन माणसं हवी होती. साखळी चालते ती अशा अडकलेल्या माणसांच्या जोरावर.

मी तिला तिच्याच स्वयंपाकघरात बसवलं आणि त्या गोलांच्या कागदाच्या मागे वरचा सगळा हिशेब मांडला. ठुशीची किंमत तिने स्वतः मेनरोडला विचारून आणली, मी सांगितली नाही. योजनेला नावं ठेवली असती तर ती कंपनीच्या बाजूने भांडत बसली असती. तुम्हाला एवढा वेळ नसेल तर सरळ म्हणा: “ठुशी आवडली, बाजारभावाने देत असाल तर घेते. जॉइन होणार नाही.” नातंही राहतं आणि किंमतही कळते. “विचार करते” असं म्हणू नका. त्याचा अर्थ तिकडे ‘होकार’ असा घेतला जातो.

पैसे आधीच भरले असतील तर

करारात विचाराचा अवधी किती दिवसांचा आहे ते आज बघा, उद्या नको. अवधी चालू असेल तर करार रद्द करत असल्याचं पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. अपलाइनला फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. माल न वापरलेला ठेवा, डब्याचं सील शक्यतो तोडू नका.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तिथे समोरचा वकील “या ग्राहक नाहीत, व्यापारासाठी माल घेतला” असं म्हणेल. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल कायद्याने ग्राहकाच्या व्याख्येत येऊ शकतो, म्हणून पहिल्याच अर्जात तसं स्पष्ट लिहा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि सरळ फसवणूकच असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. तिथे तासांचा फरक पडतो. ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून रक्कम घेतली असेल तर तो ठेवींच्या कायद्यांचा विषय होतो. महाराष्ट्राचा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा १९९९ चा आहे, केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ चा. तक्रार आधी जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, रक्कम आणि माणसं जास्त असतील तर ती आर्थिक गुन्हे शाखेकडे जाते. सिन्नर, निफाडकडच्यांनी ग्रामीण पोलिसांकडे जायचं, शहरात येऊन अर्धा दिवस घालवायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही अशा ठेव योजनांची तक्रार करता येते.

तुमच्या खाली कुणाला जोडलं असेल तर त्यांना स्वतः सांगा आणि मिळालेलं कमिशन परत करता आलं तर करा. पुढे चौकशी झाली तर हे कागद तुमच्या बाजूने बोलतील.

पावती, करार, बँकेचा उतारा, प्लॅनचा कागद, सेमिनारचं आमंत्रण हे सगळं एका फाइलमध्ये लावा. आणि व्हॉट्सॲप ग्रुप रागाने सोडण्याआधी आतलं सगळं संभाषण एक्स्पोर्ट करून ईमेलवर घ्या. नणंद आधी ग्रुपमधून बाहेर पडली आणि मग पुरावा शोधायला बसली. व्हॉइस नोट तिने फोनमधली जागा वाचवायला आधीच पुसल्या होत्या.